मधला गंधार

अळूची पानं घ्यायला मी अजून स्लाऊलाच जाते. नवऱ्याचं म्हणणं असं की मोटरवेवर रांगेत तासभर बसून आणलेली अळुवडी ही काही अळुवडी नव्हे, तो हट्ट आहे, आणि बेसिंगस्टोकला आता दोन इंडियन ग्रोसरीची दुकानं झालीत. झाली असतील. तिथली पानं फ्रीजमध्ये कुडकुडून आलेली असतात आणि घशाला खाजतात, हे मी त्याला दर वेळी ऐकवते. दुसरं जे कारण आहे ते मलाच नीट मांडता येत नाही, तर त्याला काय सांगणार.

गेल्या शनिवारी पानं घेतली, कढीलिंब घेतला, आणि गाडीकडे परत येताना स्टेशनमागच्या गल्लीत वळले. त्या गल्लीत टेरीचं दुकान आहे, गिटारी दुरुस्त करायचं. काचेवर कागद चिकटवला होता, महिनाअखेर दुकान बंद होतंय असा. सोळा वर्षं मी त्या दुकानावरून नुसती जात होते. पाय कधी आत वळला नाही. त्या दिवशी मात्र दार उघडं होतं आणि आतून वास आला: तासलेलं लाकूड, सरस, आणि हीटरवर तापलेली धूळ. हातात अळूच्या पानांची पिशवी धरून मी फुटपाथवर उभी राहिले आणि बघता बघता रॉयच्या किचनमध्ये जाऊन पोचले.

रॉय माझा घरमालक. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं इंग्लंडात स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, क्लायंटकडे पाठवलेली. मूळची सांगलीची. घर सोडून राहिले होते ते फक्त पुण्याच्या हॉस्टेलवर, आणि तिथून दर पंधरा दिवसांनी धुण्याची पिशवी घेऊन सांगली गाठत होते. इथं आल्यावर पहिले तीन आठवडे कंपनीच्या खर्चानं हॉटेलात गेले. मग एका पंजाबी दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली: नोकरी करणाऱ्या व्यक्तीसाठी एक खोली, शांत घर. शांत घर वाचून मी गेले, तर बेल वाजवायच्या आधीच आतून माउथ ऑर्गन ऐकू आला.

दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या, साठी उलटलेल्या काळ्या माणसानं. कार्डिगनची बटणं चुकीची लावलेली, आणि वरच्या खिशातून माउथ ऑर्गनचं टोक डोकावत होतं. तो अठराव्या वर्षी बार्बाडोसहून आला होता. आल्यापासून रिटायर होईपर्यंत इस्टेटमधल्याच एका रंगाच्या कारखान्यात काम केलं. बायको होती, मग नव्हती; का ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी आपली सवयीनं त्याला अंकल म्हणाले. त्यानं अगदी अदबीनं सांगितलं, की बेटावर मला अकरा भाच्या आहेत, बारावी नको, रॉय म्हण.

त्या संध्याकाळी स्काइपवर सांगलीला बातमी दिली. वेस्ट इंडियन आहे म्हटल्यावर बाबा खूश, त्यांचं सगळं लहानपण ट्रान्झिस्टरला कान लावून त्यांच्या बोलर्सची कॉमेंटरी ऐकण्यात गेलेलं. आई मात्र म्हणाली की ते लोक काय काय शिजवत असतील, तू आपली भांडी वेगळी ठेव हो. मग मी दोन कप, एक पातेलं, तवा आणि चमचे विकत आणले. रॉयनं कपाटातला मधला कप्पा मोकळा करून, पुसून, त्यात नवा कागद घालून दिला. माझ्या भांड्यांना त्यानं कधी हात लावला नाही. एकदा त्याचे सगळे कप घासायला पडले होते तर पठ्ठ्यानं चहा जॅमच्या बाटलीत ओतून घेतला, पण माझा कप उचलला नाही. मला तेव्हा त्याचं भारी कौतुक वाटलं होतं.

त्या घराचे वास अजून माझ्या नाकात आहेत. शनिवारी थाइम आणि मिरचीचा, जो जिन्यावरून वर यायचा आणि माझ्या खोलीतल्या टॉवेलांत जाऊन बसायचा. त्याच्या गुडघ्यांच्या मलमाचा. रेडिएटरवर वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा. मी हिंगाची फोडणी घातली की रॉय काही न बोलता खिडकी बोटभर उघडायचा. डिसेंबर येईपर्यंत खिडकी उघडायची थांबली होती, आणि आज ते घाणेरडं घालणार नाहीस का, असं तो आपणहून विचारायला लागला होता.

आणि रविवार. इंग्लंडातला रविवारचा दुपारी तीन ते चार हा तास ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. बाहेर उजेड असतो म्हणून दिवस म्हणायचं, एवढंच. दुकानं मिटत आलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि स्काइप बंद झालेलं, कारण सांगलीत आता जेवणं होऊन अंथरुणं पडायची वेळ. मी स्क्रीन मिटायची आणि उगाच भांडी घासायला खाली जायची. मला रडू यायचं. कशाचं असं विचाराल तर काही सांगता येणार नाही, कुणी छळत नव्हतं, की कशाची ददात नव्हती. मी नळ मोठा सोडायची.

त्याच वेळी रॉयची तयारी सुरू व्हायची. आधी दात घासायचा. मग कोमट पाण्यानं खळखळून तीन चुळा. त्यानंतर तोंडात काही घालणार नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. खाल्लेल्या तोंडानं वाजवलं की आतल्या, सूर देणाऱ्या पत्त्या चिकटतात, म्हणायचा. मग माउथ ऑर्गन खिशातून काढून दोन्ही तळहातांत धरून बसायचा, गार सूर कुरकुरतो म्हणून. आमच्या बाबांनी पूजेला बसताना एवढं सोवळं कधी पाळलं नाही. मग तो डोळे मिटायचा आणि सुरू करायचा.

मला वाटायचं माउथ ऑर्गन फुंकून वाजवतात. शाळेच्या गॅदरिंगला एक मुलगा वाजवायचा, त्याचे गाल फुगायचे. रॉयचे गाल आत जायचे. त्यानं सांगितलं की ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची ती दुखरी गाणी, फुंकायची नसतातच, ओढायची असतात. सूर आत घ्यायचा, छातीपर्यंत, आणि घेता घेता तो वाकवायचा. फुंकलेला सूर लोकांसाठी, ओढलेला आपल्यासाठी. हे तो काही मोठं तत्त्वज्ञान म्हणून सांगत नव्हता. टिन कसा उघडायचा ते सांगावं तसं सांगत होता.

चाळीस वर्षं तो दुसऱ्यांच्या मागं उभा राहून वाजवत आला होता. स्लाऊ, रेडिंग, कधी मँचेस्टर. पबच्या मागच्या खोल्या, क्लबांचे हॉल. आठवडाभर रंगाची पिंपं ढवळायची आणि शनिवारी व्हॅनमध्ये बसायचं. एकदा एक रेकॉर्ड निघाली होती. तिचं कव्हर त्यानं मला दाखवलं. पुढं चार गोरी पोरं केस वाढवून उभी, आणि कडेला कापला गेलेला एक खांदा आणि एक हात. मागं नावं छापलेली, त्यात रॉयचं नाव नव्हतं. त्यानं त्या कडेवर बोट ठेवून मला सांगितलं, 'हे माझं कोपर.' तक्रार म्हणून नाही. अभिमानानं.

त्याच्या स्वतःच्या सात चाली होत्या. कुठं वाजवल्या नव्हत्या, कारण मागं उभं राहणाऱ्याला कोण विचारतो. एक कँटीनच्या रांगेची, एक बसची वाट बघण्याची, एक रंग घोटणाऱ्या मशिनची, जी ऐकताना पाय आपोआप हलायचे. आणि एक अगदी संथ, तिला नावच नव्हतं. त्या संथ चालीत एक सूर यायचा आणि माझ्या हातातलं भांडं घासता घासता थांबायचं.

सांगलीत लहानपणी मी गाणं शिकले होते. तीन परीक्षा दिल्या, चौथीला कंटाळले. एवढ्याशा भांडवलावर मी एक दिवस त्या माणसाला अक्कल शिकवायला गेले. हात पुसून म्हटलं की रॉय, तुझा हा गंधार आमच्या पेटीत नाही. कोमल म्हणावा तर वर सरकलेला, शुद्ध म्हणावा तर खाली ओघळलेला. आमच्या बाईंसमोर मी असा लावला असता तर त्यांनी पेटीचा भाता बंद करून माझ्याकडे नुसतं बघितलं असतं. दोन सुरांच्या मध्ये आहे हा तुझा सूर, आणि तिथं तो अगदी घर केल्यासारखा बसलाय.

रॉयनं माउथ ऑर्गन टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. मला दोन्ही गंधार गाऊन दाखवायला लावले. मी गायले, आधी खालचा, मग वरचा, किचनच्या सिंकपाशी उभं राहून, साबणाच्या हातांनी. त्यानं बरोब्बर त्यांच्यामध्ये आपला सूर ठेवला. पुन्हा गायला लावलं, पुन्हा ठेवला. मग इतका हसला की ठसका लागला. म्हणाला, चाळीस वर्षांत लोक मला बरं वाजवतोस म्हणाले, मोठ्यानं वाजवतोस म्हणाले, आळशी म्हणाले. तो सूर कुठं राहतो ते पहिल्यांदा कुणीतरी सांगतंय.

मग त्यानं स्क्रू काढून मला आतलं दाखवलं. मध्ये लाकडाचा कंगव्यासारखा तुकडा, वरखाली पितळी पट्ट्या, त्यांवर केसासारख्या पत्त्या. ती एक पत्ती त्यानं नेलफाइलनं घासून घासून त्या जागेवर आणली होती. दोन हिवाळे लागले होते. नव्या माउथ ऑर्गनवर तो सूर ओढून आणता येतो, पण तो तिथं थांबत नाही, पोराचा हात सुटावा तसा निसटतो. हा एकच असा होता की तो तिथं आपणहून बसायचा. त्यानंतर दर रविवारी तो सूर आला की रॉय एक भुवई वर करायचा आणि मी सिंकपासून मान डोलवायची. एवढंच आमचं बोलणं. पण तीन ते चारचा तो तास मला सोसवायला लागला.

टेरी गिटारवाला, रॉयचा जुना दोस्त. नाताळात तो आला आणि त्यानं ठरवलं की आता पुरे झालं, या सात चाली रेकॉर्ड करायच्या. फेब्रुवारीतला एक रविवार धरला, पबची मागची खोली मागून घेतली, ओळखीतला एक जण मशिन आणणार होता. पहिल्यांदाच रॉय पुढं आणि बाकीचे मागं. तो वरवर काही दाखवत नव्हता, पण कार्डिगनची बटणं आता जागच्या जागी लागायला लागली होती. मला म्हणाला की ते संथवालं असं वाजवून ठेवतो, की मी नसलो तरी तो सूर कुठं राहतो ते कळावं.

जानेवारीत त्याला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये बोलावलं. चार-पाच दिवसांचा प्रश्न होता. निघताना त्यानं माउथ ऑर्गन खिशातून काढून माझ्या हातात दिला. हॉस्पिटलात वस्तू हरवतात, आणि त्याच्या खोलीचा हीटर बंद राहणार होता. उबेत ठेव, एवढंच म्हणाला. आणि वाजवावासा वाटला तर वाजव. तो हातात घेतला तेव्हा कोमट होता, त्याच्या छातीच्या उबेनं. टॅक्सी वळेपर्यंत मी तो दोन बोटांत धरून दारात उभी होते.

माझ्या खोलीत उबेची जागा एकच, रेडिएटरवरची फळी. तिथं माझे देव होते. आईनं बॅगेत घालून दिलेला गणपती, अन्नपूर्णा, आणि एक समई. आता सांगा, देवांशेजारी कुणाच्या तोंडातला बाजा कसा ठेवणार? आणि वाजव म्हणालाय, पण दुसऱ्याचं उष्टं तोंडाला कसं लावणार? मला फार विचारही करावा लागला नाही. आपल्याकडे जे करतात तेच केलं. ऑफिसला जाताना कढत पाण्यात भांड्याचा साबण घालून त्यात तो बुडवून ठेवला, संध्याकाळपर्यंत. आल्यावर बघते तर वरचा झिजलेला निकलचा मुलामा उडून पितळ उघडं पडलेलं, काळवंडलेलं. आमटीसाठी चिंच भिजत होतीच. मीठ घालून तो चिंचेनं घासला, देवांची उपकरणी घासतात तसा. कानाकोपऱ्यातून घासला. पुन्हा कढत पाणी घातलं, मग फडक्यानं पुसून थेट रेडिएटरवर ठेवला वाळत. सकाळी असा लखलखत होता की मला माझाच अभिमान वाटला.

मग मी तो ओठांना लावला. चिंचेची चव होती. मी फुंकला नाही, रॉय म्हणाला होता तसा आत ओढला. काहीतरी कण्हल्यासारखं आलं. मला वाटलं, मला येत नाही म्हणून. मी तो गणपतीशेजारी ठेवून दिला आणि पाच दिवस दिवा लावताना त्याच्याकडे बघत होते.

रॉय पोटावर हात धरून, जपून जिना चढत घरी आला, तेव्हा मी तो फडक्यावर ठेवून त्याच्यापुढं धरला. त्यानं उचलला. नेहमीसारखा तळहातावर दोनदा आपटला. नाकाशी नेला, थांबला, आणि हा कसला वास म्हणून विचारलं. मी हौसेनं सगळं सांगितलं, चिंच म्हणजे काय तेही सांगितलं. तो ऐकत होता. मग तोंडाला लावून एकदाच ओढला. फुस्स झालं. पुन्हा ओढला नाही. माझा चेहरा उतरला असावा, कारण तो लगेच म्हणाला, 'अगं, जुने वाजवणारे मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवायचे. लाकूड फुगतं, आवाज मोठा येतो. चांगलं केलंस.'

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? दोन दिवसांनी तो किचनच्या टेबलाशी बसून ब्लेडनं लाकडाच्या बाहेर आलेल्या कडा तासत होता, तर मला वाटलं हाही त्यातलाच भाग. तेसुद्धा विचारलं मी. हो, म्हणाला, हेही करावंच लागतं.

रेकॉर्डिंगच्या रविवारी मी नव्हते. लंडनला मंडळाचं हळदीकुंकू होतं, संक्रांतीचं, आणि मला साडी नेसून चार मराठी बायकांत बसायची इतकी भूक लागली होती की मी दुसरा विचारच केला नाही. परत आले तेव्हा रॉय खुर्चीत बसला होता. कसं झालं विचारलं, तर झालं, म्हणाला. मी तिळगूळ दिला, त्यानं खाल्ला. त्यानंतरच्या रविवारी त्यानं चुळा भरल्या नाहीत. ऑपरेशनचे टाके ओढतात, डॉक्टरनं जोर करायचा नाही म्हणून सांगितलंय, असं काहीसं म्हणाला. मी पुन्हा एकटीच भांडी घासायला लागले, नळ मोठा सोडून.

पुढं मी बेसिंगस्टोकला आले. दर नाताळला त्याला कार्ड पाठवायची, त्याचं यायचं, आत फक्त सही. पाचव्या वर्षी माझं कार्ड परत आलं. पाकिटावर अनोळखी अक्षरात लिहिलं होतं की हे गृहस्थ वारले. ते पाकीट मी कितीतरी दिवस फ्रीजवर ठेवलं होतं. नवऱ्यानं विचारलं कोण, तर घरमालक होता म्हटलं.

गेल्या शनिवारी दुकानात शिरले तर टेरीनं मला ओळखलं. आधी पिशवीकडे बघितलं, मग चष्मा वर करून म्हणाला, रॉयच्या घरातली मुलगी ना तू, लव्ह? इथल्या म्हाताऱ्यांना सगळ्याच बायका लव्ह. तो आता पंचाहत्तरीचा आहे, हात थरथरतात, म्हणून दुकान बंद करतोय. त्यानं स्टूल पुसून दिलं. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, त्याचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे ना? नाही म्हटल्यावर त्याला नवलच वाटलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं ते कॉम्प्युटरवर घेतलं होतं. ऐकणारे असे थोडेच आहेत, पण जे ऐकतात ते संथवालं ऐकून गप्प होतात, असं म्हणत त्यानं ते लावलं.

रॉयचा श्वास मी आधी ओळखला. मग चाल सुरू झाली. तो गंधार यायची जागा आली. आला, पण खालचा. साधा कोमल. दुसऱ्या वेळी त्यानं तो ओढून वर नेला, आणि तो त्या जागेला नुसता शिवला आणि निसटला. तिसऱ्या वेळी पुन्हा. चौथ्या वेळी रॉयनं तो सूर घेतलाच नाही. त्या जागी नुसता श्वास आहे. टेरी बोट वर करून म्हणाला की हीच ती जागा, इथं सगळे गप्प होतात, काय सुचलं असेल म्हाताऱ्याला. मला ठाऊक होतं काय सुचलं ते. तिथं काय असायचं ते ओळखणारे जगात आम्ही दोघेच, आणि त्यातला एक गेला.

चाल संपल्यावर टेरी हसत सांगायला लागला. रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी हा वेडा आपला चाळीस वर्षांचा माउथ ऑर्गन सिंकमध्ये विसरला, खरकट्या भांड्यांबरोबर. लाकूड फुगलं, मग चिरलं, सगळीकडून हवा जायला लागली, खलास. स्वतःच कबूल केलं त्यानं. धावतपळत नवा आणला, रेकॉर्डिंगवर वाजतोय तो तोच. सोळा वर्षं टेरी ही गोष्ट लोकांना सांगतोय आणि लोक हसतायत. मी विचारलं की जुने लोक मुद्दाम बुडवायचे ना? टेरी म्हणाला, बुडवायचे काही जण. रॉय? त्यानं एक वेळ हात कापून दिला असता.

मी म्हटलं, 'तो मी धुतला होता.'

टेरी हसायचा थांबला. का, म्हणून विचारलं. मी चिंचेचं सांगितलं, देवांच्या फळीचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. पण धुवायचा कशाला, त्यानं पुन्हा विचारलं. आणि मग मला ते म्हणावंच लागलं, 'त्याचं तोंड लागलेलं होतं म्हणून.'

इंग्रजीत ते बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकवेना. मी घाईघाईनं सांगायला लागले की आमच्याकडे असं असतं, आम्ही एकमेकांच्या पेल्यातलं पाणीसुद्धा वरून पितो, आईचं असो की बहिणीचं, त्यात कुणाचा अपमान नसतो. खरंच आहे ते. पण बोलता बोलता मला हॉस्टेल आठवत होतं, एका चमच्यानं चौघींनी खाल्लेल्या नूडल्स. बाबांचा बाजा असता तर मी ओढणीला पुसला असता आणि तोंडाला लावला असता. एवढं उकळत्या पाण्यात मी कुणाचं काही कधी घातलं नव्हतं.

टेरीनं हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली. म्हणाला, आम्ही सुरुवातीला एका माइकवर गायचो, वाजवायचो. आमचा गायक रॉयनंतर दर वेळी माइक रुमालानं पुसायचा. स्टेजवर, सगळ्यांदेखत. रॉयला ते दिसायचं. आम्हालाही दिसायचं. कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'तुझं त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार, लव्ह.'

मी विचारलं, मग मला बोलला का नाही? ओरडला का नाही? निदान तुझ्याजवळ तरी माझं नाव का घेतलं नाही?

'तुला खरं सांगितलं असतं तर तू शरमेनं खोली सोडून गेली असतीस,' टेरी म्हणाला. 'मग त्या घरात त्याला कोण होतं?'

मी त्या रेकॉर्डिंगनंतर अकरा आठवड्यांनी गेले. बेसिंगस्टोकची बदली मीच मागून घेतली होती. तिथं कुणाची ओळख नव्हती, फ्लॅट अंधारा होता, पण किचन माझं एकटीचं होतं.